पाच सैन्यांत हरवलेला हॉबिट

चित्रपटाचं नाव पडद्यावर उमटण्याआधीच ड्रॅगन मरतो. २०१४ च्या डिसेंबरात ‘द हॉबिट : द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ पाहायला बसलेल्या चाहत्यांना पहिला धक्का बसला तो इथे. आदल्या वर्षीचा भाग संपला तेव्हा स्मॉग नावाचा तो अजस्र ड्रॅगन सोन्याने माखलेलं अंग झटकून डोंगराबाहेर पडला होता, सरोवरातल्या लाकडी गावावर झेपावला होता, आणि नेमक्या त्याच क्षणी पडदा काळा झाला होता. पुढचं अख्खं वर्ष टोल्किनच्या वाचकांनी त्या काळ्या पडद्याच्या नावाने बोटं मोडत काढलं. आणि आता? ड्रॅगन येतो, गाव जाळतो, बार्ड नावाचा धनुर्धारी आपल्या पोराच्या खांद्यावर काळा बाण टेकवून सोडतो, ड्रॅगन कोसळतो, मग ठसठशीत अक्षरांत चित्रपटाचं नाव येतं. पॉपकॉर्न अजून गरम असतं.

काहींच्या मते तिन्ही चित्रपटांतली ही सर्वांत थरारक दहा-बारा मिनिटं होती. काहींचं म्हणणं, हा तर मागच्या चित्रपटाचा शेवट, तो आम्हाला वर्षभर उधारीवर ठेवून आता दिला. मला दोन्ही पटतं. पटण्याचं कारण असं की या चित्रपटाबद्दल ज्यांना खरोखर काही वाटलं, त्यांना बहुतेक वेळा दोन्ही वाटलं. परीक्षणांत जसे स्तुती करणारे आणि झोडपणारे असे दोन तंबू दिसतात, तसे चाहत्यांत नव्हते. एकच माणूस थोरिनच्या मृत्यूला रडत होता आणि चहाच्या टपरीवर येऊन दिग्दर्शक पीटर जॅक्सनचा उद्धार करत होता.

ज्यांचा या दुनियेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘द हॉबिट’ हे पुस्तक २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रकाशित झालं. लेखक जे. आर. आर. टोल्किन, ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक. आपल्या मुलांना सांगितलेली ही गोष्ट. बिल्बो बॅगिन्स नावाचा एक ठेंगणा, खाऊनपिऊन सुखी, घर सोडायला नाखूश हॉबिट. गॅन्डाल्फ हा जादूगार थोरिन या पुढाऱ्यासह तेरा बुटक्यांना घेऊन त्याच्या दारात येतो आणि ड्रॅगनने लुटलेलं त्यांचं राज्य परत मिळवायच्या मोहिमेवर त्याला ओढून नेतो. एकोणीस प्रकरणं, तीनशेच्या आसपास पानं. पुढे १९५४-५५ मध्ये आलेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही महाकादंबरी याच गोष्टीच्या बीजातून वाढली. ती मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादातून मराठीतही आलेली आहे. त्या कादंबरीवर जॅक्सनने २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले. शेवटच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला अकरा ऑस्कर नामांकनं होती आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाली.

तेव्हाही कुरकुर होतीच. चित्रपट संपता संपत नाही, एक शेवट झाला की दुसरा शेवट सुरू होतो, ही थट्टा आजही चालते. खलनायक सारुमानच्या मृत्यूचा प्रसंग चित्रगृहातल्या आवृत्तीतून कापला म्हणून ती भूमिका करणारे क्रिस्टोफर ली दुखावले होते. हॉबिटांच्या गावावर शेवटी येणारी आपत्ती गाळली म्हणून पुस्तकाचे कट्टर वाचक नाराज होते. पण त्या नाराजीला एक ऊब होती. घरच्या लग्नात जिलबी नीट झाली नाही म्हणून करतात तशी ती तक्रार. २०१४ ची तक्रार तशी नव्हती.

आकड्यांवरून मात्र काही कळायचं नाही. या चित्रपटाने जगभरात ९५ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. त्याला अपयश म्हणायला जीभ धजावत नाही. पण सहा चित्रपटांपैकी समीक्षकांनी सर्वांत कमी पसंत केलेला तो हाच, आणि ज्या मालिकेच्या एका चित्रपटाने अकरा ऑस्कर नेली, तिच्या या शेवटाला एकच नामांकन मिळालं, ध्वनिसंपादनाचं. तेही हुकलं. १४४ मिनिटांचा हा सहाही चित्रपटांतला सर्वांत छोटा चित्रपट आणि तरी तो लांबवलेला वाटतो ही तक्रार सर्वांत जास्त त्याच्याच वाट्याला आली. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

लांबवणं सुरू कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. मूळ बेत दोन चित्रपटांचा. दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो, जॅक्सन फक्त निर्माता आणि सहलेखक. एमजीएम ही कंपनी कर्जात बुडालेली, चित्रीकरणाला मुहूर्त मिळेना. २०१० च्या मे महिन्यात देल तोरो बाहेर पडला. जॅक्सनने सूत्रं हाती घेतली, मग त्याच्याच पोटात अल्सर फुटून शस्त्रक्रिया झाली आणि शेवटी २१ मार्च २०११ ला कॅमेरा सुरू झाला. मुख्य चित्रीकरण जुलै २०१२ च्या पहिल्या आठवड्यात संपलं. आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला जॅक्सनने जाहीर केलं की चित्रपट दोन नाहीत, तीन असतील. म्हणजे स्वयंपाक उरकल्यावर पाहुणे वाढले आणि आमटीत पाणी घालायची वेळ आली. जॅक्सनची बाजू अशी की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांत या काळातल्या घडामोडींची पुष्कळ टिपणं आहेत आणि ती सांगायची संधी पुन्हा मिळणार नाही. टिपणं आहेत हे खरंच. पण त्या काळात शेवटच्या पुस्तकाचे तुकडे करायची हॉलिवूडमध्ये साथच आली होती हेही खरं. ‘हॅरी पॉटर’ने २०१० आणि २०११ मध्ये केलं, ‘ट्वायलाइट’ने २०११-१२ मध्ये, ‘हंगर गेम्स’ने २०१४-१५ मध्ये. ‘डायव्हर्जंट’वाल्यांनी तर शेवटच्या पुस्तकाचा पहिला तुकडा काढला आणि तो आपटल्यावर दुसरा काढलाच नाही. प्रेक्षक अधांतरी लटकले ते लटकले.

चित्रीकरण सुरू होण्याआधी चाहत्यांना एक वेगळीच लढाई लढावी लागली होती, किंवा लढायला लावली गेली होती. २०१० मध्ये नटांच्या संघटनांनी कराराच्या अटींवरून ‘हॉबिट’वर बहिष्काराची हाक दिली. चित्रीकरण न्यूझीलंडबाहेर जाईल अशी आवई उठली. २५ ऑक्टोबरला, योगायोगाने तिकडच्या कामगारदिनाच्या सुट्टीलाच, वेलिंग्टन आणि इतर शहरांत लोक चित्रपट देशात राहावा म्हणून रस्त्यावर आले. वॉर्नर ब्रदर्सचे अधिकारी पंतप्रधान जॉन की यांना भेटले आणि त्याच आठवड्यात संसदेने घाईघाईने कायदा बदलला. चित्रपटात काम करणाऱ्याच्या करारात तसं लिहिलेलं नसेल तर तो नोकरदार धरला जाणार नाही, कंत्राटदार धरला जाईल, असा तो बदल. त्या मिरवणुकीत कामगारांच्या अटींविरुद्ध आपण घोषणा देतोय हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? पुढे २०१८ मध्ये लिंडसे एलिस या समीक्षिकेने या चित्रपटांची दीर्घ चिरफाड करणारी चित्रफीत-मालिका केली तेव्हा शेवटचा मोठा भाग तिने या कायद्यालाच दिला. ती मालिका पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. कायद्यात फेरबदल करणारा नवा कायदा न्यूझीलंडमध्ये यायला २०२२ उजाडलं.

असो. चित्रपटाकडे येऊ.

पुस्तकात पाच सैन्यांच्या लढाईला किती जागा आहे? काही पानं. सतराव्या प्रकरणाच्या शेवटी लढाई ऐन भरात असताना वरून एक दगड येतो, बिल्बोच्या शिरस्त्राणावर आदळतो आणि तो बेशुद्ध पडतो. अठराव्या प्रकरणात तो डोळे उघडतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. लढाई कशी संपली हे त्याला नंतर कुणीतरी सांगतं आणि आपल्यालाही त्याच्या जोडीने तेवढंच कळतं. टोल्किन स्वतः १९१६ मध्ये सॉमच्या रणभूमीवर होता. शाळेपासूनच्या जिवलग मित्रांपैकी दोघे त्या वर्षात गेले, आणि खंदकांमधल्या तापाने पछाडलेला तो मायदेशी परतला. त्याने आपल्या मुलांच्या गोष्टीतली लढाई अशी मिटल्या डोळ्यांनी ओलांडली, त्यामागे काय होतं ते तोच जाणे. वाचक म्हणून मला एवढंच दिसतं की गोष्ट बिल्बोची आहे, आणि बिल्बोला जे दिसत नाही ते गोष्टीला दिसत नाही.

चित्रपटात हीच लढाई सुमारे पाऊण तास चालते. बिल्बो चित्रपटातही डोक्यावर घाव बसून पडतो, पण कॅमेरा काही त्याच्यासाठी थांबत नाही. तो पुढे जातो, एल्फ योद्धा लेगोलासबरोबर कोसळत्या पुलाचे दगड चढतो, बर्फावर थोरिन आणि ऑर्कांचा सरदार अझॉग यांचं द्वंद्व पाहतो, खिंडीत, बुरुजावर, शहराच्या गल्लीबोळांत फिरतो. पुस्तक बिल्बोबरोबर बेशुद्ध होतं, चित्रपट बिल्बोला सोडून जातो. चाहत्यांच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ माझ्या मते इथे आहे, जरी त्या तक्रारी वेगवेगळ्या नावांनी केल्या गेल्या.

आपल्याकडे चित्रपट अमेरिकेच्या आधी आला, १२ डिसेंबरच्या शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी ‘पीके’ येणार होता, त्यामुळे मोठ्या पडद्यावर बघायचा तर याच आठवड्यात, असा हिशेब करून पुण्यातली बरीच मंडळी आली होती. परदेशी चित्रपटाला मध्यंतर नसतं, ते आपले थिएटरवाले घालतात, आणि कुठे घालतील याचा नेम नसतो. दिवे लागले ते ऐन धामधुमीत. माझ्या पुढच्या रांगेत एक कॉलेजातला मुलगा आणि त्याची शाळकरी बहीण. ती वैतागलेली.

“दादा, बिल्बो कुठंय पण?”

“येईल गं. आधी युद्ध तरी होऊ दे.”

“मी काय युद्ध बघायला आलेय?”

दादा समोसे आणायच्या निमित्ताने उठला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर वॉर्नर ब्रदर्सकडेही नव्हतं. त्याच वर्षीच्या एप्रिलपर्यंत या चित्रपटाचं नाव पुस्तकाच्याच उपशीर्षकावरून ठेवलेलं होतं, बिल्बोच्या जाण्या-येण्याचं. मग जॅक्सनने जाहीर केलं की बिल्बो तर दुसऱ्या भागातच डोंगरापाशी पोचला, तेव्हा आता ते नाव शोभत नाही. म्हणून मग पाच सैन्यं. नायकाचा प्रवास पाटीवरूनही उतरला.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की पुस्तकवाल्यांना काहीही बदललं की पोटात दुखतं. आपल्याकडे ‘दुनियादारी’ पडद्यावर आली तेव्हा सुहास शिरवळकरांच्या वाचकांनी घातलेले वाद ज्यांना आठवतात त्यांना ही जमात ठाऊक आहे. पण इथे तो प्रतिवाद लागू पडत नाही, आणि याचा पुरावा एका ओकच्या बीमध्ये आहे.

प्रसंग असा. थोरिनला सोन्याची बाधा झालेली आहे. प्रत्येक साथीदार चोर वाटतोय, आजोबांचं रत्न कुणी लपवलंय या संशयाने तो पोखरलाय. आणि रत्न खरोखरच बिल्बोपाशी आहे. बिल्बो एका कोपऱ्यात बसून हातातल्या कशाशी तरी चाळा करतोय. थोरिन अंगावर येतो, हातात काय आहे म्हणून दरडावतो. बिल्बो मूठ उघडतो. आत ओकचं बी. वाटेत भेटलेल्या बेऑर्नच्या बागेतून उचललेलं, घरी नेऊन लावायचं म्हणून. क्षणभर रिचर्ड आर्मिटेजच्या चेहऱ्यावरची सगळी बाधा उतरते, तो हसतो, हा इतक्या लांबून इतकंसं काय घेऊन चाललाय याचं त्याला नवल वाटतं. मार्टिन फ्रीमनचा बिल्बो ओशाळून काहीतरी पुटपुटतो, आता रत्नाबद्दल सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतंय हे आपल्याला दिसतं. एवढ्यात द्वालिन हा बुटका निरोप घेऊन येतो की गावातून निर्वासितांचा लोंढा निघालाय. थोरिनचा चेहरा पुन्हा दगड होतो. संपूर्ण प्रसंग दोन-अडीच मिनिटांचा.

हा प्रसंग पुस्तकात नाही. एक ओळसुद्धा नाही. पूर्णपणे पटकथाकारांची निर्मिती. आणि चित्रपटाला शिव्या घालणाऱ्यांना सुद्धा विचारा, आवडलेल्या दोन-तीन जागांत ते हा प्रसंग सांगतील. दुसरी जागा सांगतील ती लढाईनंतरची. थोरिन गेलाय. बिल्बो सुन्न बसलाय. गॅन्डाल्फ शेजारी येऊन बसतो आणि आपली चिलीम कोरत राहतो. कुणी काही बोलत नाही. हीही पुस्तकातली नाही. तिसरी, घरी परतल्यावर बिल्बोच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो तिथली. करारावर सही करणारा हा थोरिन कोण, असं लिलाववाला विचारतो आणि बिल्बो अडखळत सांगतो की तो माझा मित्र होता. लिलाव पुस्तकातला आहे, हा प्रश्न आणि हे उत्तर नाही.

तेव्हा नवं काही घातलं याचा राग नव्हता. जिथे बिल्बो समोर होता तिथे चाहत्यांनी नवं सगळं उचलून धरलं. जिथे तो नव्हता तिथे मात्र काहीच माफ केलं नाही.

माफ न केलेल्यांची यादी लांब आहे आणि त्यात आल्फ्रिडचा नंबर पहिला. सरोवरगावच्या मुखियाचा हा लाळघोट्या कारभारी पुस्तकात नाही, आणि बाईचा वेष घालून, चोळीत सोनं कोंबून पळण्यापर्यंतचा त्याचा विनोद लढाईच्या मधे मधे येत राहतो. कित्येक बुटक्यांना मोजकी वाक्यं मिळाली, आल्फ्रिडला प्रसंगांमागून प्रसंग. अझॉगबद्दलचा राग थोडा तांत्रिक आहे. टोल्किनच्या हिशेबात हा ऑर्क कित्येक दशकांपूर्वीच मेलेला, लढाईत येतो तो त्याचा मुलगा बोल्ग. बेऑर्नचं दुःख वेगळंच. पुस्तकात तोच अस्वलाच्या रूपात येऊन लढाई फिरवतो, चित्रपटात तो गरुडावरून उडी मारतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गर्दीत दिसेनासा होतो. आणि लेगोलास. गुरुत्वाकर्षणाशी त्याचं जे काही वैयक्तिक भांडण आहे त्यावर थिएटरात हशा पिकला.

मला स्वतःला लागलं ते फिली आणि किलीचं. हे दोघे थोरिनच्या बहिणीचे मुलगे. पुस्तकात त्यांच्या मरणाला एकच वाक्य आहे. पडलेल्या मामाला ढालींनी आणि देहांनी झाकत ते मरतात, कारण तो त्यांच्या आईचा भाऊ. मराठी वाचकाला ते नातं समजावून सांगावं लागत नाही. चित्रपटात फिली आधीच एकटा मारला जातो, किली टॉरिएल या एल्फ मुलीला वाचवायला जाऊन मरतो, आणि मामा दोघांपासून लांब बर्फावर आपलं वैर निस्तरतोय. तीन वेगळे मृत्यू, तीन वेगळ्या कथा. ते एक वाक्य कुठेच नाही.

चित्रपटासाठी घडवलेल्या टॉरिएलचा विषय इतका सोपा नाही. ‘हॉबिट’च्या पुस्तकात बोलणारं एकही स्त्रीपात्र नाही. बिल्बोच्या आईचा उल्लेख तेवढा आहे. २०१२ मध्ये पोरींनी सात-आठ तासांची गोष्ट पाहायची आणि त्यात स्वतःसारखं कुणीच नसावं, हे पटकथाकार फ्रान वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स यांना पटलं नाही, ते बरोबरच होतं. इव्हान्जलिन लिलीने भूमिका घेताना घातलेली अट तिने नंतर जाहीरपणे सांगितली आहे: प्रेमाचा त्रिकोण नको. पुढे जादा चित्रीकरणासाठी बोलावल्यावर तिला कळलं की त्रिकोण झालेला आहे. म्हणजे पुस्तकप्रेमींना ती नको होती आणि ज्यांना ती हवी होती त्यांना ती अशी नको होती. शेवटी किलीच्या शवाशेजारी बसून ती प्रेम इतकं का दुखतं असं विचारते तेव्हा काही प्रेक्षक हुंदके देत होते, काही डोक्याला हात लावत होते. वाटेल तेवढी हुशार, धनुर्धारी, राजाला सुनावणारी ही मुलगी शेवटी एका मुलासाठी रडण्यापुरतीच उरली याचं दुःख मात्र दोन्हीकडे होतं.

एक विलक्षण गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘हॉबिट’ला मोठ्या कादंबरीच्या मापाचं करणं टोल्किनने स्वतःही एकदा करून पाहिलं होतं. १९६० मध्ये, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ गाजल्यानंतर, त्याने ‘हॉबिट’ नव्याने लिहायला घेतलं. आधीच्या गोष्टीतला पोरकट सूर काढून टाकायचा, तारखा, अंतरं, चंद्राच्या कला सगळं मोठ्या कादंबरीशी जुळवायचं, तिच्यासारखं भारदस्त करायचं. गोष्टीतल्या रिव्हेंडेलच्या मुक्कामापर्यंत लिहून झालं. मग त्याने ते एका परिचित बाईंना वाचायला दिलं. त्यांचा अभिप्राय असा की छान आहे, पण हे ‘हॉबिट’ नाही. टोल्किनने काम तिथेच सोडलं. ते अपुरं लेखन जॉन रेटलिफ या अभ्यासकाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे चित्रपटांचं चित्रीकरण सुरू होण्याच्या चार वर्षं आधी ते कुणालाही वाचायला उपलब्ध होतं.

टोल्किनच्या घरातला पहिला तक्रारखोर चाहता तर त्याहूनही जुना. गोष्ट अजून छापलेली नव्हती, रात्री मुलांना सांगितली जात होती, तेव्हा चार-पाच वर्षांच्या क्रिस्टोफरने वडलांना मधेच अडवलं होतं की मागच्या वेळी दाराचा रंग वेगळा सांगितला होता आणि थोरिनच्या टोपीच्या गोंड्याचाही. वडील चरफडले आणि उठून टिपण करून ठेवलं. तोच क्रिस्टोफर टोल्किन मोठेपणी वडलांच्या हस्तलिखितांचा संपादक झाला, आणि जुलै २०१२ मध्ये, जॅक्सनने तिसरा चित्रपट जाहीर केला त्याच महिन्यात, फ्रान्सच्या ‘ल मोंद’मध्ये त्याची मुलाखत आली. यांनी पुस्तकाची आतडी काढून तरुण पोरांसाठी मारामारीचा सिनेमा केला, असा तिचा सूर होता. तो राग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बद्दलचा होता. ‘हॉबिट’ तर यायचा होता.

चित्रपट बनवणाऱ्यांनाही सगळं कळत नव्हतं अशातला भाग नाही. गॅन्डाल्फ झालेला इयन मॅकेलन पहिल्या भागाच्या चित्रीकरणात एकदा सेटवर रडला. बुटके लहान आणि गॅन्डाल्फ मोठा दिसावा म्हणून त्याला वेगळ्या हिरव्या खोलीत, सहकलाकारांच्या फोटोंशी बोलायला लावलं होतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये काम केलेल्या विगो मॉर्टेन्सनने २०१४ मध्येच एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितलं की पहिल्या चित्रपटातला मातीचा स्पर्श पुढे पुढे तांत्रिक करामतींखाली गेला. आणि २०१५ च्या नोव्हेंबरात विस्तारित आवृत्तीबरोबर आलेल्या पडद्यामागच्या चित्रफितीत जॅक्सन स्वतः थकलेल्या चेहऱ्याने कबूल करतो की पूर्वतयारीला वेळच मिळाला नाही, आपण काय करतोय ते कळत नसतानाही कामावर जात राहिलो. लढाईच्या चित्रीकरणापर्यंत हे इतकं विकोपाला गेलं की ते थांबवून पुढच्या वर्षावर ढकलावं लागलं. ती चित्रफीत पाहिल्यावर बऱ्याच कडक चाहत्यांचा जॅक्सनवरचा राग उतरला आणि कंपनीवर चढला.

त्याच विस्तारित आवृत्तीत वीस मिनिटं वाढली, रक्तपातही वाढला, इतका की अमेरिकेत तिला प्रौढांच्या जवळचं ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं. लहान मुलांच्या गोष्टीचा शेवट तिथल्या मुलांना मोठ्यांशिवाय बघता येणार नाही, अशी गंमत. पण तीत थोरिनचा अंत्यविधी आहे, रत्न त्याच्या छातीवर ठेवलेलं आहे, नवा राजा आहे. चित्रगृहातल्या आवृत्तीत हे काहीच नव्हतं. एवढ्या सोन्याचं पुढे काय झालं, गादीवर कोण बसलं, कुणी सांगितलंच नाही. आठ तास ज्याच्या मागे चाललो त्याला निदान माती द्यायला तरी थांबायचं होतं.

चाहते मग आपापल्या कामाला लागले. एका गटाने मेलेल्यांना जिवंत केलं. थोरिन, फिली, किली तिघेही वाचतात आणि बिल्बो डोंगरातच राहतो अशा चाहत्यांच्या कथांचा पूर आला. तो अजून ओसरलेला नाही. त्या लिहिणाऱ्यांत बायका-मुलींचा भरणा मोठा, आणि त्यांतल्या अनेकींना पुस्तकाची ओढ चित्रपटानंतर लागली. ‘खरे’ वाचक त्यांना नाकं मुरडत, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या गटाने कात्री हातात घेतली. तिन्ही चित्रपट मिळून ४७४ मिनिटं. २०१५ च्या जानेवारीतच, म्हणजे तिसरा भाग अजून चित्रगृहांत असताना, एका निनावी चाहत्याने ते साडेचार तासांवर आणले. मग इतरांनी आपापल्या आवृत्त्या केल्या, कुणी चार तासांच्या जवळ पोचलं. गॅन्डाल्फची डोल गुलदूर या किल्ल्यातली चौकशी गेली, त्रिकोण गेला, ऑर्कांच्या मसलती गेल्या, लेगोलास दिसेल न दिसेल इतका उरला. कसोटी साधी ठेवलेली: गोष्ट बिल्बोभोवती राहिली पाहिजे. गंमत अशी की लढाई कापणं सर्वांत अवघड गेलं. थोरिनला मारणारा अझॉगच असल्यामुळे त्याला पुरतं हाकलता येईना.

माझ्या ओळखीतले दोघेतिघे दर डिसेंबरात सगळे भाग ओळीने बघतात. त्यातला एक तिसरा भाग ड्रॅगन मरताच थांबवतो आणि थेट त्या चिलमीच्या प्रसंगावर उडी मारतो. दुसरा त्याला पाखंडी म्हणतो आणि लढाईसकट पाहतो, कारण बर्फावरचं थोरिनचं मरण त्याला सोडवत नाही. दोघेही आल्फ्रिड आला की चहा टाकायला उठतात.

त्या डिसेंबरच्या जाहिरातींत निरोपाचा गहिवर ठासून भरला होता, मध्य-पृथ्वीला ही शेवटची भेट म्हणून. आठ वर्षांनी त्याच दुनियेवरची टीव्ही मालिका आली, २०२४ मध्ये ‘द वॉर ऑफ द रोहिरिम’ हा अ‍ॅनिमेशनपट येऊन कुणाच्या लक्षात यायच्या आत गेला, आणि त्याच वर्षी अँडी सर्किसच्या दिग्दर्शनात ‘द हंट फॉर गोलम’ जाहीर झाला. जॅक्सन, वॉल्श आणि बॉयन्स निर्माते. गोलम या पात्राचा तो शोध ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीत काही पानांतच आटोपतो. त्यावर एक अख्खा चित्रपट कसा काढणार, यावरून भांडणं सुरू झालेली आहेत. तिकिटंही तीच माणसं काढतील.